मायची पाटीलकी

हल्ली आमच्या भागातला पन्नाशीपुढचा कुणीही माणूस भेटला आणि बोलणं लोहा रोडवरच्या मौजवाडीवर आलं, की तो हातातलं काम सोडून बोलत सुटतो. 'काय दिवस होते मॅडम ते. सुरुवातीची मौजवाडी म्हणजे मौजवाडी. आता काय राहिलंय?' मी मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाले, त्यामुळे लोक माझ्यापुढे जरा शुद्ध बोलतात आणि गरजेपेक्षा जरा जास्त हळवे होतात. मी मान हलवते. त्यांना आकाशपाळणा आठवतो, पाण्याची घसरगुंडी आठवते, कांडी घातलेलं गारेगार आठवतं. मला आठवतं ते निराळं. त्या मौजवाडीत मी पाटलाची लेक होते, माझा बाप पाटील होता आणि माझी माय पाटलीण. आम्ही खरे कोण हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिकीट काढून आत आलेल्यांना.

मौजवाडी ज्या माळावर उभी राहिली तो माळ आमच्या गावच्या आबा पाटलांचा. सगळा मुरूम. खाली ओढ्याकडची एक पट्टी तेवढी काळीभोर, आणि त्या पट्टीत माझी माय लग्न होऊन आली तेव्हापासून खुरपायला जायची. लातूरचा एक डाळमिलवाला शेटजी पोराबाळांना घेऊन कुठंतरी लांब असलीच एक करमणुकीची बाग बघून आला आणि त्याच्या मनानं घेतलं, की मराठवाड्यानं काय घोडं मारलंय? त्यानं माळ मागितला. आबांनी दिला, नांदेडला बंगला बांधला, जीप घेतली आणि गावभर सांगत सुटले, 'दगडं विकून आलो.' दगडांबरोबर काळी पट्टीही गेली, हे मात्र ते कुणाला सांगायचे नाहीत.

शेटजीनं काय काय बांधलं म्हणून सांगू. फाटकावर सिमेंटचा डायनासोर बांधला, त्याच्या पायाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हळदकुंकू वाहून गेलं. पण त्याची खरी हौस म्हणजे समुद्र. ज्या गावात हापसा मारमारून बायांचे खांदे निघायचे, त्या गावाच्या उशाशी त्यानं लाटा येणारा समुद्र बांधला. पाणी टँकरनं यायचं. टँकर आमच्या वस्तीवरून जाताना गळायचा, तर बाया घागरी घेऊन त्याच्या मागं पळायच्या आणि गळालेला समुद्र घरी भरून आणायच्या. आत नांदेडची मंडळी साड्या-धोतरांसकट पाण्यात उतरायची. एक आजीबाई तर साबण घेऊनच आली होती. एवढं पाणी फुकट चाललंय तर नातवंडांची डोकी धुऊन घ्यावीत, एवढाच तिचा विचार. तिच्यावर शिट्ट्या मारत दोन गडी धावले. आज त्या समुद्राची आठवण काढून जे उसासे टाकतात त्यांना मी विचारते, घरी आंघोळ केली होती का त्या दिवशी? हसतात. केली नव्हती कुणीच.

समुद्राच्या पलीकडं, ओढ्याकाठच्या काळ्या पट्टीत, 'आपलं गाव' नावाचा देखावा होता. प्लायवूडचा वाडा, त्यावर सारवल्यासारखा दिसणारा रंग, अंगणात प्लॅस्टिकची तुळस. हे सगळं पुण्याहून आणलेल्या मॅनेजरच्या डोक्यातून निघालेलं. माणूस बोलायला गुळाचा खडा. त्याला वाड्यात राहणारं एक 'अस्सल' कुटुंब पाहिजे होतं. तो आधी आबा पाटलांकडं गेला. आबा म्हणाले, 'आमच्या बाया काय तमाशाला उभ्या करू?' त्यांनी नाही म्हटल्यावर गावातल्या बाकीच्या शेतीवाडीवाल्या घरांनीही नाकं मुरडली. मॅनेजर हात हलवत परतला आणि फाटकावर त्याची नजर वॉचमनवर पडली. वॉचमन म्हणजे माझा बाप, आमचा अण्णा. दारातून वाकून जावं लागेल एवढा उंच आणि वर लिंबू ठरेल अशी मिशी. अस्सल पाटील महिनाभर त्याला रोज सॅल्यूट ठोकत होता आणि तो त्याला गावभर शोधत होता.

अण्णा घरी आला तेव्हा माय भाकरी थापत होती. तो दारातच म्हणाला, 'गये, मला पाटील केलं.'

मायनं वर बघितलंसुद्धा नाही. 'कुणी? आन् कवापासून?'

'एक तारखेपासून. तुला बी पाटलीण केलंय.'

'आन् सुमीला?'

'लेक.'

'लई मेहरबानी झाली,' माय म्हणाली, 'लेक तरी आपलीच ठिवली.'

अण्णाला हुरूप होता तशी धास्तीही होती. तो विहाराच्या कमिटीत होता. आपण धम्म घेतलेली माणसं, तिथं तुळशीला पाणी घालायचं म्हणजे कमिटी काय म्हणेल, म्हणून तो रात्री जेवताना घासागणिक थांबून राहिला. मायनं ते एका वाक्यात निकाली काढलं. 'तुळस प्लॅस्टिकची हाय. तिला पाणी घाला न्हाई तर चहा घाला, तिला काय फरक?' कमिटीनंही पुढं फार ताणलं नाही, कारण कमिटीतल्या निम्म्या जणांना फुकट पास पाहिजे होते. मॅनेजरनं नियम तीनच सांगितले. पाहुणा आला की रामराम म्हणायचं. अंगावरचे दागिने, म्हणजे पितळेची नथ आणि पत्र्याच्या पाटल्या, उतरवायचे नाहीत. आणि कुणी नाव विचारलं तर 'आम्ही पाटलाकडचे' एवढंच म्हणायचं, खरं नाव सांगायचं नाही. अण्णाला पहिला नियमच जड गेला. उदगीरच्या एका वकिलाला तो सवयीनं 'जय भीम' म्हणून बसला. वकीलही 'जय भीम' म्हणाला, दोघं जुने सोयरे निघाले आणि मॅनेजरनं अण्णाला आत नेऊन झापलं.

मी तेव्हा लोह्याला कॉलेजात अकरावीला होते. सुट्टीच्या दिवशी मला जात्यावर बसवायचे. जात्यात दाणा नसायचा. दळणाचा आवाज, बांगड्यांची किणकिण आणि ओव्या हे सगळं स्पीकरमधून यायचं आणि मी नुसती दगड फिरवायची. कॅसेट अडकली की मीही थांबायची, आणि लातूरच्या बाया म्हणायच्या, 'दमली बिचारी.' एकंदर त्या गावात खरं असं काही नव्हतंच. विहिरीत टँकरचं पाणी, गोठ्यात भाड्याचा बैल, माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्याही रबरी. खरी होती ती एकटी चूल. शेटजी खाण्याच्या बाबतीत तडजोड करणारा नव्हता. त्याला चुलीवरची गरम भाकरच पाहिजे होती, आणि ती चूल मायच्या हाती होती.

माय ज्वारीची भाकर, येसराची आमटी, कारळाची चटणी आणि ठेचा करायची. एवढंच. पण नांदेड-लातूरची माणसं पंगतीला बसली की हलायची नाहीत. 'पाटलीणबाई, अजून एक वाढा.' 'पाटलीणबाई, आमटीला काय घातलंय ते सांगा.' माय तिथं फुलून यायची. तुम्हाला हे समजायचं तर एक सांगायला पाहिजे. तोवर आमच्या वस्तीबाहेरच्या कुणीही मायच्या हातचा घास खाल्लेला नव्हता. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतातलं धान्य काढलं, पाखडलं, पोत्यांत भरून दिलं. पण शिजवलेलं वाढायची वेळ आली की तिनं लांब उभं राहायचं. आणि इथं पोट सुटलेले इंजिनिअर तिच्यापुढं ताटं पुढं करत होते. एकदा घरी पाय चेपून घेताना ती मला म्हणाली, 'सुमे, मला हे काम लई आवडतंय गं. लोकं मागून खातेत.' मायला कधी काही आवडतं हे तिच्या तोंडून मी त्याआधी ऐकलंच नव्हतं. त्यामुळे ते काम राहावं असं मला फार वाटायचं.

मग येळवस आली. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या लातूर भागात आणि इकडं लोह्यापर्यंत सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोपी, म्हणजे लहानशी खोप, करतात, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, अंबील शिंपडत 'ओलगे ओलगे सालम पोलगे' करत कोपीभोवती फिरतात आणि शेंगादाणे-पालेभाज्या एकत्र शिजवलेली पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, अंबील खातात. त्या दिवशी शेताची मालकीण बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारते आणि हाक मारल्यावर नाही म्हणायचं नसतं. आमच्यासाठी रीत जरा वेगळी होती. आम्हालाही हाक यायची, पण बांधाच्या अलीकडं थांबायचं आणि वरून टाकलेलं पदरात घ्यायचं. ही भज्जी माय पदरात घेऊन घेऊनच शिकली होती. मॅनेजरनं त्या वर्षी जाहिरात केली: शेत नसलेल्या शहरवासीयांसाठी अस्सल येळवस, खास पाटलीणबाईंच्या हातची. आणि दगड कसले मांडायचे म्हणून फायबरचे पाच पांडव मागवले. भीमाला गदा, अर्जुनाला धनुष्य. नकुल-सहदेव एकाच साच्यातले होते.

माय पहाटेपासून चुलीपुढं होती. ऊन वर आलं तशी पंगत बसायला लागली, आणि फाटकातून आबा पाटील आले, बरोबर त्यांच्या पाटलीणबाई. खऱ्या पाटलीणबाई. मागच्या साली आबांनी येळवस मेहुण्याच्या शेतात काढली होती आणि तिथं त्यांना म्हणे कुणी नीट विचारलं नाही. ज्याला स्वतःचं रान नाही त्याला येळवसेला कोण विचारणार? म्हणून या वर्षी ते आपल्याच पट्टीत, आपल्या पांडवांपाशी आले होते, हातात नारळ घेऊन. त्यांनी कोपीत डोकावलं आणि मॅनेजरला विचारलं, 'माझे पांडव कुठं हायत?' मॅनेजरनं फायबरच्या पांडवांकडं हात केला. आबा म्हणाले, 'हे न्हाई. दगडं. पाच दगडं होती हितं.' मॅनेजरला आठवेना. आमच्या अण्णाला आठवत होतं. ते दगड तिकीटखिडकीच्या पायात गेले होते. पण पाटील झाल्यापासून अण्णा कमी बोलायचा.

तेवढ्यात हिंगोलीकडचं एक कुटुंब अण्णाबरोबर फोटो काढायला सरसावलं. अण्णा फेटा सावरून ताठ बसला. फोटोवाला गृहस्थ आबांना म्हणाला, 'काका, जरा बाजूला व्हा, पाटील दिसून नाही राहिले.' आबा बाजूला झाले. मी जात्यावर होते, मला हसू आवरेना. आजही आवरत नाही.

पाटलीणबाईंना मात्र वेगळंच दिसलं. त्यांनी चुलीपुढची माय ओळखली. त्या मॅनेजरला म्हणाल्या, 'हिला उठवा. पांडवाचा निवद हाय, सैपाक मी करते.' मॅनेजर मायच्या कानाशी वाकला. 'ताई, तासभर मागच्या खोलीत बसता का? मोठी माणसं आहेत.' माय म्हणाली, 'भज्जी शिजलीय साहेब. आता मी उठले म्हणून ती काय परत कच्ची होती का?' इकडं पंगत ओरडायला लागली होती, लोकांनी तिकिटं काढलेली. आबांनी सगळीकडं बघितलं. ते हुशार माणूस. बायकोला हळूच म्हणाले, पण चुलीपर्यंत ऐकू येईल एवढं, 'गप बस. नाटक हाय हे. ती नाटकातली पाटलीण हाय. नाटकात खाल्लं म्हंजे खाल्लं न्हाई.' आणि ते पंगतीत मांडी घालून बसले. पाटलीणबाईही बसल्या.

मायनं ते ऐकलं. तिनं पदर खोचला, उंड्यांची परात आणि भज्जीचं पातेलं घेऊन उठली. पाटलीणबाई टोकाला होत्या, त्यांना आधी वाढलं. त्यांनी उंडा मोडून भज्जीत कालवला आणि पहिला घास तोंडात घातला. मग माय आबांपुढं थांबली. पळी पातेल्यात तशीच. म्हणाली, 'आबा, मी गया. किसनची बायको. तुमच्या ह्या पट्टीत खुरपत होते ती. आज येळवस हाय, मी तुम्हाला हाक मारते. वाढू का?'

मॅनेजरचा चेहरा मुरमासारखा झाला. अण्णा फेट्याखाली घामेघूम. आबांनी पत्रावळीकडं बघितलं, मायकडं बघितलं. येळवसेची हाक मोडायची नसते हे त्यांच्याइतकं त्या पंगतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा हात पत्रावळीवर बराच वेळ आडवा राहिला. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बायकोला म्हणाले, 'ऊठ.' पाटलीणबाई उठल्या. पण तोंडातला घास त्यांनी थुंकला नाही, गिळला. एवढं मी नीट बघितलं. दोघं पाठ फिरवून चालायला लागले तसं पंगतीतून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. माझ्यापाशी उभा असलेला लातूरचा एक प्राध्यापक बायकोला म्हणाला, 'काय ॲक्टिंग करतो म्हातारा.' मायनं टाळ्या संपू दिल्या आणि पुढच्या पत्रावळीपाशी सरकली. 'मी गया. वाढू का?' त्या दिवशी तिनं प्रत्येकाला असंच विचारून वाढलं. बहुतेकांना वाटलं, अशीच रीत असेल. एकदोघं समजले आणि पत्रावळ सोडून समुद्राकडं गेले. बाकीच्यांनी बोटं चाटून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावलं. आबांचा शेटजीला फोन झाला होता. तरी मॅनेजरनं आवाज चढवला नाही, असल्या माणसांना तो कधी चढवावा लागत नाही. 'ताई, तुमच्यासारखी भाकर कुणाला येणार नाही. तुम्ही राहा. फक्त नाव तेवढं सांगू नका. पाटलीण स्वतःचं नाव सांगत फिरते का?' मायनं नथ काढली, पत्र्याच्या पाटल्या काढल्या, हिरवं लुगडं घडी करून दिलं आणि स्वतःच्या साडीत घरी आली. मी चिडले होते. म्हटलं, 'काय गरज होती गं? खाऊ द्यायचं होतं त्याला गुपचूप. खात होता ना?' माय म्हणाली, 'घरी जाऊन म्हणला असता, नाटकात खाल्लं. मग माझ्या हातचं कुणी खाल्लं गं?' थोड्या वेळानं म्हणाली, 'लई आवडायचं मला ते काम,' आणि तोंड फिरवून रडली. रडून झाल्यावर दुसऱ्याच्या शेतावर खुरपं घेऊन गेली.

अण्णानं काम सोडलं नाही. मायनंही सोडायला सांगितलं नाही. 'घरात एक तरी पाटील असू द्या,' म्हणायची. लातूरहून नवी पाटलीण आली, नाटकात कामं केलेली, नाकीडोळी नीटस. अण्णा घरी येऊन सांगायचा, पोर गुणाची आहे पण भाकर तव्यावर टाकताना तुटते. माय विचारायची, 'आन् तुमची पाटलीण तुम्हाला काय म्हणती?' अण्णा म्हणायचा, 'काका म्हणती.' मग आम्ही तिघं हसायचो. या सुरुवातीच्या मौजवाडीच्या आठवणी कुणी काढत नाही, म्हणून मी लिहून ठेवते आहे.

पुढच्या येळवसेला मायनं मला उठवलं आणि चांगली साडी नेसायला लावली. आम्ही दोघी रांगेत उभ्या राहून तिकीट काढून आत गेलो. डायनासोर, समुद्र, सगळं ओलांडून काळ्या पट्टीत आलो. अण्णा बाजेवर फेटा बांधून बसला होता. त्याला प्रत्येक पाहुण्याला रामराम घालायचा होता, पण आम्हाला बघून तो नुसता फेटाच सावरायला लागला. माय त्याच्याकडं न बघता पंगतीत जाऊन बसली, मी तिच्याशेजारी. नवी पाटलीण परात घेऊन आली. नथ तीच. हिरवं लुगडंही तेच, तिला जरा आखूड होत होतं. शिकवल्याप्रमाणं गोड आवाजात म्हणाली, 'या पाव्हण्या, कुठल्या गावच्या?'

मायनं पत्रावळीवर हात आडवा धरला. 'मी ह्याच शेतातली. तू कोण?'

'आम्ही पाटलाकडचे.'

'पाटील माझा नवरा हाय,' माय म्हणाली. 'त्याच्याकडची मी. तू तुझं नाव सांग, मग वाढ.'

पोरगी गोंधळली. तिनं वळून मॅनेजरकडं बघितलं. तो लांब फोटोवाल्यांना उभं करत होता. मग ती वाढायच्या निमित्तानं खाली वाकली, इतकी की नथ मायच्या गालाला लागली असती, आणि फक्त आम्हालाच ऐकू येईल असं म्हणाली, 'रुक्साना.'

मायनं पत्रावळीवरचा हात काढला. 'वाढ, रुक्साना,' ती म्हणाली, तितक्याच हळू.